मागून येणाऱ्याची दहा मिनिटं

दिघीची जेट्टी सोडून चढाला लागलो आणि माझ्या सायकलची चेन पडली. नवरा नजरेच्या टप्प्यात नव्हता, मोबाइलला रेंज नव्हती. सायकल उलटी केली, डिरेलर पुढे ढकलून चेन दात्यांवर बसवली, काळे हात गवताला पुसले आणि पुन्हा पायडल मारायला लागले. तीन वळणांनंतर तो दिसला. जांभ्याच्या गडग्यावर बसून पाणी पीत होता. मी पोचताच उठला, हेल्मेटचा पट्टा लावला आणि म्हणाला, "चल, पुढे मस्त उतार आहे."

मी गडग्यावर बसले. "तुझी विश्रांती झाली. माझी अजून सुरूही झालेली नाही."

मांडवा ते वेंगुर्ले, किनाऱ्याकिनाऱ्याने, दहा दिवसांत सुमारे पाचशे किलोमीटर, असं आम्ही ठरवलं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. तो पंधरा वर्षांपासून सायकल चालवणारा, मी तीन. सहा महिने ठाण्याच्या येऊरच्या चढावर घाम गाळला आणि जानेवारीत एका सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकली चढवल्या. आगरदांड्याहून राजपुरी खाडी ओलांडेपर्यंत सगळं सुरळीत होतं. भांडण झालं ते पलीकडच्या पहिल्या मोठ्या चढावर.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असं नकाशा बघताना वाटतं. प्रत्यक्षात सह्याद्रीतून येणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी करते, आणि रस्ता खाडीपर्यंत उतरून पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, सगळीकडे तेच. रेवस ते रेड्डी सागरी मार्गाची कल्पना अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८०-८२ची. तरी आम्ही गेलो तेव्हा मोठ्या खाड्या बोटीनेच ओलांडाव्या लागत होत्या. बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. सायकलवाल्यांना या बोटी म्हणजे फुकटची विश्रांती. मांड्या तापलेल्या असतात, वारा अंगाला लागतो, आणि पलीकडचा चढ समोर दिसत असतो.

त्या गडग्यावर आम्ही बराच वेळ बोललो. आधी तावातावाने, मग शांतपणे. त्याचं म्हणणं होतं की चढावर आपली लय सोडून हळू चालवलं तर पाय जास्त दुखतात. ते खरंच आहे. माझं म्हणणं होतं की दर चढावर मी एकटी पडते, आणि वर पोचते तेव्हा तो निघायच्या तयारीत असतो. तेही खरं होतं. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. चढावर मी पुढे, तो मागे. त्याला लय हवीच असेल तर त्याने जावं, पण वर थांबल्यावरची दहा मिनिटं मी पोचल्यापासून मोजायची. आणि सपाटीला, वारा समोरून असेल तेव्हा, तो पुढे.

तिसऱ्या नियमाचा अर्थ मला हर्णैच्या अलीकडे कळला. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते तिथे अंगावर आले. सकाळी जमिनीकडून मंद वारा यायचा. अकरानंतर समुद्राकडचा सुरू व्हायचा आणि रस्ता पश्चिमेला वळला की छातीवर हात ठेवून कुणी मागे ढकलतंय असं वाटायचं. मी त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर राहिले की जोर निम्म्यावर आल्यासारखा वाटे. मात्र अशा वेळी पुढच्याने न सांगता ब्रेक दाबायचा नाही. "खड्डा", "हळू", "डावीकडे", एवढेच शब्द आमच्यात दिवसभर चालायचे. हा वारा चुकवायला सहाला निघायचं आणि अकराच्या आत मुक्कामाच्या जवळ पोचायचं, असा क्रम लावून घेतला.

हेदवीला नाश्त्याला घावणे मिळाले. मालगुंडला केशवसुतांच्या जन्मघरी अर्धा तास बसलो. आरे-वारेचा चढ संपवून वळून पाहिलं, तर दोन्ही किनारे एकाच वेळी दिसले. तिथे दहा मिनिटांची वीस झाली.

पावसच्या पुढे, पूर्णगडची खाडी ओलांडून सड्याकडे चढताना तो थांबला. गुडघ्याच्या वाटीखाली दुखत होतं, कालपासूनच. मला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आज तू पुढे, मी मागे. मागून चालवताना मला एक गोष्ट दिसली. पायडल तळाशी गेलं तरी त्याचा पाय हवा तितका लांब होत नव्हता. थांबून पाहिलं, तर सीटपोस्टचा पट्टा ढिला होऊन सीट बोटभर खाली सरकली होती. जुना धुळीचा वळ नळीत गडप झाला होता. सीट बसकी झाली की गुडघा जास्त वाकतो आणि सगळा भार पुढून वाटीवर येतो. ॲलन की काढली, सीट वर घेतली, पट्टा आवळला. त्या दिवसाचे चढ आम्ही सायकली हातात धरून, शेजारी शेजारी चालत काढले. मुक्काम ठरल्यापेक्षा वीस किलोमीटर अलीकडे केला आणि एक दिवस वाढवला.

दिघीला तो माझ्या मागे असता, तर चेन पडलेली त्याला दिसली असती. पूर्णगडला मी पुढे असते, तर त्याचा पाय मला दिसला नसता. मागे राहणं म्हणजे थांबून राहणं, असं आम्ही दोघंही समजत होतो. खरं तर पुढच्याकडे लक्ष ठेवायची तीच जागा असते.

मालवणात एका आजोबांनी विचारलं, "खंयसून इलात?" ठाण्याहून, सायकलवर, म्हटल्यावर ते घरात गेले आणि कोकम सरबताचे दोन तांबे घेऊन आले. अकराव्या दिवशी दुपारी आम्ही वेंगुर्ल्याच्या बंदरावर पोचलो. गुडघा तोपर्यंत शांत झाला होता.

जोडीनं लांबच्या प्रवासाला निघणार असाल, तर सायकली नीट तपासा, सीटपोस्टवर उंचीच्या खुणेला टेप लावा, आणि अंतर ठरवताना दोघांत जो हळू चालवतो त्याला विचारा. कुठे दुखत असेल तर त्याच दिवशी सांगा. आणि विश्रांतीची दहा मिनिटं मागून येणारा पोचल्यापासूनच मोजा.