इथलं का गावाकडलं?

परवा आत्याने फोनवर विचारलं, "एका दिवसात त्या पोरांना असं काय शिकवून आलास रे?" दोन मिनिटांत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. आत्या हे वाचतेच, त्यामुळे वेगळा फोन करायला नको :)

तर, जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही ऑफिसमधले चौघे पहाटे पुण्याहून निघालो आणि सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याजवळ ऊसतोड कामगारांच्या तळावर गेलो. उघड्या माळावर ओळीने कोप्या. बांबू, चटया आणि वरून ताडपत्री. मधोमध सोडलं तर आत ताठ उभं राहता येत नाही. प्रत्येक कोपीसमोर बैलांची जागा, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा नुसत्या दावणी आणि शेण, कारण बैल आणि मोठी माणसं पहाटे तीनलाच फडावर गेलेली. तळावर उरलेली म्हातारी माणसं, कुत्री आणि पोरं.

ही सगळी बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली मंडळी. शिरूर कासार, पाटोदा, पाथर्डी अशी तालुक्यांची नावं पोरं घडाघडा सांगतात. दिवाळीच्या आसपास येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की परत जातात. बैलगाडीवाल्यांचा तळ सगळा हंगाम एकाच जागी असतो, म्हणून इथे निदान शाळा चालवता तरी येते. ट्रकवर ऊस भरणाऱ्या टोळ्या फडामागून फड बदलत फिरतात, त्यांच्या पोरांना गाठायचं कुठे?

शाळा म्हणजे पत्र्याची एक शेड. चालवणारा तिशीच्या आतला मुलगा, स्वतः अशाच कोपीत वाढलेला. पोरं त्याला दादा म्हणतात, मग आम्हीही म्हणायला लागलो. आमच्या पिशवीत खडू, रंग, गोष्टींची पुस्तकं होती. दादाने ती बघितली, बरं म्हणाला आणि बाजूला ठेवली. "गाणी-गोष्टी माझ्या रोजच्या आहेत. तुमचं अक्षर चांगलं आहे का? मग आज याद्या करा."

मला हे फार आवडलं. त्याच्याकडे दर हंगामात जुन्या कपड्यांनी भरलेले टेम्पो येतात म्हणे, त्यात चमकीचे पार्टी फ्रॉकसुद्धा. फोटो काढून लोक जातात. (फोटो काढायचे नाहीत हे आम्हाला त्याने फोनवरच बजावलं होतं.) एका दिवसासाठी येणाऱ्या माणसाला एका दिवसात संपणारं काम द्यावं, एवढा साधा विचार फार थोड्यांना सुचतो.

काम असं: प्रत्येक पोराचं नाव, वय, गावची शाळा, इयत्ता, आणि सोबत कोण आलंय. त्यावरून गावच्या शाळेला फोन करायचा, शिक्षण हमी कार्ड मिळवायचं, आणि पोराला इथल्या जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवायचं. शिक्षणहक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला हातात नाही म्हणून शाळेने थांबवून ठेवायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पण पोर इथे आणि नाव तिथल्या पटावर, हे कुणीतरी बसून जुळवावं लागतं. संध्याकाळपर्यंत आम्ही त्रेसष्ट नावं लिहिली.

त्यातली एक अकरा वर्षांची. कडेवर वर्षाच्या आतला भाऊ. मी विचारलं, इयत्ता?

"पाचवी. दिवाळीपर्यंत."

आणि चौथी?

"ती बी दिवाळीपर्यंतच."

फॉर्मवर याला रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.

दुपारी दादाने रंग काढायला परवानगी दिली. आम्ही सांगितलं, घर काढा. पहिला प्रश्न आला, "इथलं का गावाकडलं?" कुठलंही काढा म्हटलं. एका मुलाने बैलगाडी काढली, जू, सापत्या, चाकं सगळं जिथल्या तिथे, आणि कोपऱ्यात बोटाएवढी कोपी. आमच्या पाचवीतलीने बाळाला मांडीवर झोपवून एका हाताने पक्कं घर काढलं. पायरी, तुळस, आणि दाराला हे एवढं मोठं कुलूप. किल्ली आजीकडे असते, हेही तिनेच सांगितलं.

चारच्या सुमाराला बायका परतल्या. गडीमाणसं गाड्या घेऊन काट्यावर नंबर लावून बसलेली. तिची आई डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन आली, ती वाढी विकून तेवढेच चार पैसे सुटतात. भारा टाकून तिने आधी बाळाला घेतलं आणि मग माझ्या हातातला कागद बघून विचारलं, "हे भरल्यावर हिला गावाकडंच ठेवता येईल का?"

दादाने समजावलं की गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं तर पोरं आजी-आजोबांकडे राहतात आणि जेवणाची सोय होते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अन् ह्याला कोण बघंल?"

यावर कुणीच काही बोललं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल त्या कोयत्यावर मिळते. एकजण बाळाजवळ थांबली तर कोयता अर्धा, आणि घेतलेली उचल फिटत नाही. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, त्याचं कौतुक आम्ही पेपरात वाचलं होतं. टनावर मिळणाऱ्या पैशात बाळ सांभाळणाऱ्याचा हिस्सा नसतो. तो ही अकरा वर्षांची पोर देते. आणि कोयत्याला जोडी लागते म्हणून अशा पोरींची लग्नं लवकर उरकतात, हे दादाने परतताना गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा सांगितलं. त्याच्या बहिणीचं तसंच झालं.

आत्या, शिकवलं काहीच नाही.

मार्चमध्ये दादाला फोन केला होता. त्रेसष्टपैकी एकेचाळीस कार्डं आली, बाकीच्या शाळा फोन उचलत नाहीत. तिचं आलंय. आठवड्यातले चार दिवस ती जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, भावाला घेऊनच. तिथल्या बाईंनी वर्गात मागे एक सतरंजी टाकून दिलीय. पण तो आता चालायला लागलाय, सतरंजीवर थांबत नाही.