राजूरचे डांगी आणि त्यांचे कोठीपोट

अकोले गावाहून भंडारदऱ्याकडे निघालात की वाटेत राजूर लागते. हिवाळ्यात येथे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. जमल्यास त्याच दिवसांत जा. पांढऱ्या अंगावर काळे वा तांबडे ठिपके, खूर काळे व टणक. पाठीवरून हात फिरवा, तळव्याला तेलकट लागेल. या तेलामुळेच डांगाणातल्या मुसळधार पावसात हे बैल भाताच्या चिखलणीला टिकतात.

दूध किती, असे तुम्ही विचाराल. थोडेच. पण जनावर खाते काय, हेही विचारा. डोंगरचे गवत आणि भाताचा पेंढा! एवढ्यावर ते राबते, याचे काही श्रेय रक्ताला आणि बरेचसे कोठीपोटाला. गवतातला कठीण तंतू गाईला स्वतःला पचत नाही. कोठीपोटातले जिवाणू, आदिजीव व बुरशी तो आंबवतात. त्यातून होणारी आम्ले रक्तात जाऊन ताकद देतात, आणि पुढच्या पोटात गेलेले जिवाणूच प्रथिन म्हणून पचतात. थोडा चारा मात्र मिथेन वायू होऊन ढेकरेवाटे वाया जातो. एकाच चाऱ्यावर हा वायू कुणाचा कमी, कुणाचा जास्त. हा फरक काही अंशी आनुवंशिक असतो. पोटात कोणते जिवाणू नांदतील, यावरही रक्ताचा थोडा अंमल चालतो. बाकीचे वासराला आईच्या चाटण्यातून, कळपातून आणि चाऱ्यातून मिळतात.

म्हणून येथून बैलजोडी घेऊन खाली बागायतीत गेलात, तर कौतुकाने पहिल्याच दिवशी धान्याचा भरडा पाटीभर पुढे ठेवू नका. गवताला सरावलेले पोट आंबट होते, रवंथ थांबते, हगवण लागते; मग दोष बैलाला! नवा चारा दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा.

पेंढा सकस करायचा तर १०० किलोला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा, दाबून हवाबंद झाका आणि २१ दिवसांनी उघडा. वास उडाल्यावरच खाऊ घाला. लहान वासरांना देऊ नका, आणि युरिया मोकळा कधीच नको.

आणखी एक. अंगाने उजवा गोऱ्हा दिसला की आपण त्याला खच्ची करून औताला जुंपतो आणि गाईंना उरतो तो निवडून टाकलेला. गावात एक तरी चांगला डांगी वळू राखा. प्रदर्शनात जनावर पसंत पडले, तर दातांबरोबर त्याच्या आईचीही चौकशी करा, आणि येताना मालकाकडून त्याच्या सवयीच्या चाऱ्याचे दोन भारे मागून घ्या.