दहा गाठींची माळ

आमचा धाकटा भाऊ सैन्यातून निवृत्त होऊन घरी आला. झोप मात्र त्याच्यासंगे आली नाही. रात्री दोनच्या सुमारास तो ओट्यावर जाऊन बसे. आम्ही आईची जपमाळ त्याच्या हाती दिली, ती त्याने परत केली. लडाखला असताना अशीच एक त्याच्यापाशी होती. जाड हातमोज्यांतून मणी बोटांना कळत नसत. हातमोजा काढावा तर थंडीत धातूची साखळी कातडीला चिकटे. पहाऱ्यावर तिचा आवाज होई तो निराळाच. अखेर ती तुटली.

सैनिकाची जपमाळ वेगळी असावी लागते, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांपाशी दिव्याच्या ओढसाखळीच्या बळकट जपमाळा असत. आम्हांस अधिक भावली ती आयर्लंडची. कॅथलिक उपासनेवर निर्बंध होते त्या काळी तेथील भाविक दहाच मण्यांची माळ बाहीत लपवीत. तिच्या टोकाला कडी असे. कडी अंगठ्यात घालून दहा मणी संपवायचे, मग ती पुढल्या बोटात. पाच बोटांत पाच रहस्ये पुरी!

आम्ही नायलॉनची दोरी आणली. पहिल्या माळेच्या गाठी सुटल्या, दुसरीच्या एकमेकींस चिकटल्या, तिसरी जमली. गाठ वाजत नाही, चकाकत नाही, अंधारात अंगठ्याला सापडते. टोकाला लहानसा लाकडी क्रूस बांधला.

२००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. २३ जणांनी लॅटिनमधून ‘नमो मारिया’ म्हटले, तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. योगमंत्र म्हणतानाही तेच घडले. हे वाचून आम्ही काहीसे खट्टू झालो, हे कबूल केले पाहिजे.

भावाला झोप लागू लागली असे म्हणवत नाही. पण ओट्यावरून तो लवकर आत येतो. महिन्याभराने त्याने आणखी एक माळ मागितली, तुकडीतल्या सोबत्यासाठी.

“दादा, तिला क्रूस नको. तो विठ्ठलाचे नाव घेईल.”

दोन दिवस आम्ही दोरीला हात लावला नाही. क्रूसाविना माळ बांधायची, तर आपण नेमके काय बांधतो आहोत? पत्नीने एवढेच विचारले, “त्यालाही झोप येत नाही ना?”

तिसऱ्या दिवशी आम्ही दहा गाठी मारल्या, कडी ओवली आणि क्रूसाच्या जागी दोरीचे टोक आगकाडीने जाळून बंद केले.