भाता कुणाचा?

पेटीला दोन हात लागतात, हे इतकं गृहीत धरलेलं असतं की कुणी बोलूनही दाखवत नाही. उजवा पट्ट्यांवर, डावा भात्यावर. रायपूरच्या शंकर नगरात मी घरी पेटी शिकवते. येणारी मुलं मराठी कमी, हिंदी-छत्तीसगढी बोलणारी जास्त. त्यांच्यात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याची डावी बाजू आखडलेली, हात कोपरात दुमडून छातीशी. उजव्या हाताची बोटं मात्र चपळ, आणि कान माझ्याहून तयार.

सुरुवातीला भाता त्याची आई हलवायची. अलंकार बसले, सूर चुकत नव्हते, तरी पोरगा चिडायचा. भाता म्हणजे नुसती हवा, असं न वाजवणाऱ्याला वाटतं. खरं तर पेटीचं निम्मं गाणं भात्यात असतं. सुरावर किती वजन द्यायचं, कुठे हलकं व्हायचं, समेवर कसं यायचं, हे पट्टीला कळत नाही. तिला दाबणं आणि सोडणं एवढंच ठाऊक. त्याला पंचमावर रेंगाळायचं असे आणि आईचा हात आपल्या चालीत चाललेला. ‘मां, तू आगे भाग जाती है,’ तो म्हणायचा. ती बिचारी खजील व्हायची.

कीबोर्ड घ्या, भात्याची कटकटच नको, असं पुष्कळांनी सुचवलं. वाजवून पाहिला. पट्टी दाबून ठेवली की सूर आपला एकसारखा येतच राहतो. त्याने दहा मिनिटांत बाजूला सारला.

मग पायपेटी आठवली. पॅरिसमध्ये दबँने १८४२ साली पेटंट घेतलेलं हार्मोनियम पायानेच चालायचं; आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गनही तसाच. पुढे कोलकात्यात १८७५च्या सुमारास द्वारकानाथ घोष यांनी भाता हाताशी आणला, तेव्हा मांडी घालून बसणाऱ्यांची सोय झाली. म्हणजे आज आपण जिला मूळ पेटी समजतो, तीच मुळात वाजवणाऱ्याच्या बसण्याप्रमाणे बदललेली. त्या वेळी जमिनीवर बसणाऱ्यांना कुणी अपंग म्हटलं नव्हतं.

उजवा हात गेलेल्या पॉल विटगेनस्टाइनसाठी रावेलने १९३०च्या सुमारास केवळ डाव्या हाताचा कन्चेर्तो लिहिला. तिथे पियानो तोच राहिला, संगीत बदललं. मला उलट हवं होतं. यमन तोच, बंदिश तीच. वाकायचं ते लाकडाने.

ओळखीच्या सुताराने पेटी स्टुलावर बसवली. भात्याच्या वरच्या कडेला दोरी बांधली आणि ती डाव्या अंगाने पुढे आणून, कप्पीवरून खाली, फळीच्या पायपट्टीला जोडली. उजव्या पायाने पट्टी दाबली की भाता मिटतो. उघडायला जुन्या सायकलच्या सीटची स्प्रिंग. पहिली दोरी नायलॉनची होती, ती ताणली जाऊन ढिली पडायची. मग सुती आणली. पट्टी कुरकुरायची म्हणून खाली चपलेचं रबर लावलं. पाय आणि बोटं जुळायला त्याला तीन आठवडे लागले. त्यानंतर एका संध्याकाळी तो पंचमावर थांबला, हवा हळूहळू कमी करत सूर जवळजवळ विझू दिला, आणि परत उचलला. आई दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिने बराच वेळ तो खाली ठेवला नाही.

आता त्याला परीक्षेला बसायचंय. वाद्य नेहमीचंच असावं, असं तिथून कळवण्यात आलं. मी अर्ज केला, सोबत दिव्यांग हक्क कायदा, २०१६चं कलम २९ जोडलं. कला विषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना सहभागी होता येईल असे नव्याने आखावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी तोंडी सुचवणं आलंच: आईला भाता हलवू द्या, तेवढं चालवून घेऊ. मी नाही म्हटलं. तो तर माझ्याआधीच म्हणाला.

लेखी उत्तर यायचंय. दरम्यान त्याचा पाय लांब झालाय, गुडघा स्टुलाला आपटतो. सुताराला रविवारी बोलावलंय, पायपट्टी दोन इंच पुढे घ्यायला.