कायम

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी एक तरुण पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या घरी आला. चाकणच्या बाजूस मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात त्यास काम लागले होते. त्याचे आजोबा परळास आमच्या चाळीत, आमच्या भिंतीस भिंत लावून राहत. तेव्हापासूनचा हा घरोबा तीन पिढ्या टिकून आहे. पेढा तोंडात घालता घालता, अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांनी विचारावयाचा म्हणून ठरलेला प्रश्न आम्हीही विचारला, "कायम का?" तो हसला. "कसलं कायम, काका! कंत्राटदाराकडून आहे. सात महिन्यांचं पत्र. मग ब्रेक, मग पुन्हा नवं पत्र, मिळालं तर." आणि त्याने आमच्या हातावर दुसरा पेढा ठेवला. त्याचे आमच्याकडे आणखीही एक काम होते. ते पुढे सांगू.

तो गेल्यावर त्याचे ते हसणे आमच्या मनातून जाईना. हाच प्रश्न त्याच्या आजोबांस कोणी विचारला असता तर ते हसले नसते. छाती किंचित पुढे काढून त्यांनी होकार दिला असता. एकाच घराण्यात, एकाच प्रकारच्या श्रमाविषयी विचारलेला एकच प्रश्न दोन पिढ्यांत थट्टेचा विषय कसा झाला, याचा विचार करीत आम्ही बराच वेळ बसलो होतो. तोच विचार वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

आमचे ते शेजारी १९५० च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईस आले व एका कापड गिरणीच्या साचेखात्यात लागले. लागले म्हणजे प्रथम बदली म्हणून. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी उभे राहावयाचे, नाहीतर परत फिरावयाचे, असा तो धंदा. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ साली बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. तत्पूर्वी बदली कोणास मिळावी हे सर्वस्वी मुकादमाच्या मर्जीवर असे, आणि ती मर्जी फुकट मिळत नसे. नोंद झाली तरी रोज सकाळी फाटकाशी उभे राहण्याचे काही टळले नाही. काही वर्षे अशी काढल्यावर ते कायम झाले. त्या दिवशी त्यांच्या घरून चाळीत साखर वाटली गेली, ही हकीकत आमची आई नेहमी सांगत असे. लग्नाची साखर, बारशाची साखर आपणांस ठाऊक आहे. नोकरी कायम झाल्याची साखर ही गिरणगावची स्वतःची होती.

त्या साखरेबरोबर त्यांच्या घरात काय काय आले ते आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. वाण्याच्या वहीत त्यांच्या नावाचे पान उघडले. गावी जाणारी मनीऑर्डर ठरल्या तारखेस जाऊ लागली. गावाहून बायको आली, म्हणजे खाणावळीचे जेवण सुटले. मुलाचे नाव शाळेत घातले गेले व तेथे ते राहिले. पगार काही फार मोठा नव्हता. परंतु तो येणार, पुढल्या महिन्यासही येणार, पुढल्या जून महिन्यासही येणार, ही खात्री होती. मध्यमवर्ग म्हणजे काय याच्या व्याख्या आम्ही पुष्कळ वाचल्या आहेत. आमच्यापुरती आम्ही एकच मानतो. ज्या घरात दिवाळीस जूनचा विचार करता येतो, शाळेची फी, वह्या, छत्र्या, घराची शाकारणी यांची आगाऊ तरतूद बांधता येते, ते मध्यमवर्गाचे घर. या व्याख्येने आमचे शिक्षकाचे घर व भिंतीपलीकडचे साचेवाल्याचे घर एकाच वर्गातले होते. आमच्या घरी पुस्तकांचे कपाट होते व त्यांच्याकडे नव्हते, एवढ्यावरून आम्ही स्वतःस निराळे समजत होतो, ही गोष्ट वेगळी.

ही खात्री कोणी दानात दिली नव्हती. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवास मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीचा उद्योग मांडला, तेव्हा कामाच्या तासांस मर्यादा नव्हती व सुट्टीस वार नव्हता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संस्था उभी केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली म्हणून १९१७ पासून पगारावर काही जादा रक्कम मिळू लागली; पुढे ती नाकारली तेव्हा १९२४ साली गिरण्या सुमारे दोन महिने बंद पडल्या. १९२८ साली तर सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाने निरनिराळ्या गिरण्यांतील पगारांस एक प्रमाण लावून दिले, तळच्या कामगाराचा मूळ पगार तीस रुपये ठरविला, आणि त्यावर राहणीच्या खर्चाबरोबर वर-खाली होणारा महागाईभत्ता मिळत राहिला. आमच्या शेजाऱ्यांच्या वाट्यास आलेल्या साखरेच्या पुडीमागे असा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे कामावरून उतरली. पगारवाढ व बोनस यांबरोबर बदली कामगारांस कायम करा, हीही त्यांची मागणी होती; म्हणजे तोच शब्द येथेही होता. आम्ही त्या वेळी नुकतेच शाळेत शिक्षक म्हणून कायम झालो होतो. शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना, "यांच्या मागण्यांस अंत आहे की नाही?" असे उद्गार आम्ही स्वतः काढलेले आम्हांस स्पष्ट आठवतात. पाच-सहा महिन्यांनी आमचे शेजारी एके रात्री दारात उभे राहिले. मुलगा त्या वर्षी दहावी उत्तीर्ण झाला होता. त्यास महाविद्यालयात घालण्यासाठी पैसे हवे होते. आम्ही पैसे दिले, परंतु त्यांबरोबर अर्धा तास उपदेशही दिला. संप मोडून कामावर जाणे शहाणपणाचे कसे आहे, हे आम्ही त्यांस समजावून सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले, पैसे मोजून परत आमच्या टेबलावर ठेवले, आणि "मास्तर, राहू द्या" एवढेच म्हणून ते गेले. आम्हांस त्यांनी मास्तर म्हटले ते तेव्हा पहिल्यानेच. एरवी ते आम्हांस नावाने हाक मारीत.

तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, ज्या उघडल्या त्यांनी सर्वांस परत घेतले नाही. गिरण्यांची यंत्रे जुनाट झाली होती व मालकांचे लक्ष केव्हाच दुसरीकडे गेले होते, हे खरे. संप न होता तरी त्यांतील पुष्कळ बंद पडल्या असत्या, असे म्हणणारांस आम्ही खोटे म्हणणार नाही. परंतु कापड विणण्याचे काम काही बंद पडले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर गेले. तेथे पगार मीटरवर, पाळी बारा तासांची, आणि कायम हा शब्द बहुधा कोणाच्याच नावापुढे नाही. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा महाविद्यालयात गेला नाही. तो भिवंडीस गेला. बापाने दोन साचे सांभाळून जो संसार उभा केला, तो मुलास त्याहून अधिक माग सांभाळून उभा करता आला नाही. पुढे १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाची वाट मोकळी केली आणि जेथे भोंगा होत असे तेथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या.

आता आमच्या दारी पेढे घेऊन आलेला तो तिसऱ्या पिढीचा. त्याने आयटीआय केले आहे. त्यास जी यंत्रे चालविता येतात त्यांची नावेही आम्हांस उच्चारता येत नाहीत. तरीही त्याचे पत्र सात महिन्यांचेच. सातच का, हे आम्हांस त्यानेच समजावून दिले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षातून २४० दिवस काम करणाऱ्याची सेवा सलग मानून तीस काही संरक्षण दिले होते. २४० दिवस म्हणजे आठ महिने. आठास सात कमी पडतात, आणि त्या एका महिन्याच्या उणिवेत त्याचे सारे आयुष्य अडकले आहे. एकाच ओळीत कायम कामगार व तो शेजारी शेजारी उभे राहून तोच भाग तसाच बसवितात, आणि पगार मात्र त्यास निम्म्याहूनही कमी.

हे एकट्या चाकणचे नव्हे. सरकारच्या वार्षिक औद्योगिक पाहणीप्रमाणे नोंदलेल्या कारखान्यांतील कामगारांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण या शतकाच्या आरंभी शेकडा २० च्या आसपास होते. २०२२-२३ मध्ये ते शेकडा ४० च्या वर गेले. कंत्राटी पद्धतीचे नियमन व निर्मूलन करण्यासाठी १९७० साली खास कायदा झाला होता, हे येथे आठवावे. २०१८ साली मुदतबंद नेमणुकीची मुभा सर्व उद्योगांस मिळाली. दुसरा आकडा याहून बोलका आहे. कच्चा माल, इंधन, यंत्रांची झीज वजा जाता कारखान्यात जे नवे मूल्य निर्माण होते, त्यातील मजुरीचा वाटा १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत शेकडा ३० च्या सुमारास होता; २००८ च्या सुमारास तो शेकडा १० च्या आसपास आला. उत्पादन वाढले, यंत्रे सुधारली, आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचा हिस्सा मात्र आटला.

कारखानदारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. मागणी कधी वाढते, कधी उतरते. बाजार जगाचा आहे. उतरत्या काळात माणसे पोसावी कशी? प्रश्न खोटा नाही. परंतु मागणीचा हा चढउतार काही आज जन्मास आलेला नाही. १९२८ सालीही तो होताच. फरक इतकाच की पूर्वी त्याचा भार मालक व कामगार यांत काही अंशी वाटला जात असे. आता तो सगळा सात महिन्यांच्या पत्रावर टाकला आहे. ज्याच्यापाशी धक्का सोसण्याची शक्ती सर्वांत थोडी, त्याच्याच माथ्यावर सर्व धोका ठेवणे यास आम्ही व्यवस्था म्हणावयास तयार नाही.

येथपर्यंत वाचून, हा कामगारांचा प्रश्न आहे, असे म्हणून कोणी पान उलटील. आम्हीही चाळीस वर्षे तसेच उलटीत आलो. आम्ही वेतन आयोगाच्या वाढी घेतल्या, निवृत्त झालो, निवृत्तिवेतन खात आहो. पण २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली, आणि आमच्याच व्यवसायात नवा शिक्षक तीन वर्षे ठरीव मानधनावर नेमला जाऊ लागला. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकविणारे तरुण आज आम्हांस जागोजागी भेटतात. त्यांच्या पदव्या आमच्याहून मोठ्या, आणि त्यांस जूनचा विचार दिवाळीस करता येत नाही. साचेखात्यातला बदलीवाला आता पुस्तकांच्या कपाटापाशी येऊन उभा राहिला आहे. भिंतीपलीकडे लागलेल्या आगीस आम्ही शेजाऱ्यांची आग म्हणत होतो; भिंत एकच आहे हे विसरून.

आता त्या तरुणाच्या दुसऱ्या कामाविषयी. त्याचे लग्न ठरत आले होते. मुलगी एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तिचे वडील आमचे जुने विद्यार्थी, आणि त्यांनीही आमच्याप्रमाणेच विचारले होते, "मुलगा कायम आहे का?" तेवढ्यावर बोलणे अडले होते. "काका, तुमच्या शब्दाला ते मान देतात. दोन ओळी लिहाल का?" असे म्हणताना मात्र तो हसला नाही.

आम्ही दोन ओळींऐवजी दोन पाने लिहिली. मुलगा निर्व्यसनी आहे, कामाचा आहे, त्याच्या आजोबांस आम्ही ओळखत होतो, हे लिहिले. आपली कन्याही रुग्णालयात कंत्राटावरच आहे, तेव्हा तिच्या सासरच्यांनी हाच प्रश्न उलट विचारला असता तर आपण काय उत्तर दिले असते, हेही जरा भीत भीतच लिहिले. आणि शेवटी असे लिहिले की हा प्रश्न चुकीचा नाही, तो विचारलाच पाहिजे. परंतु तो या मुलास विचारून उपयोग नाही. त्याच्या हातात काम आहे, पत्राची मुदत नाही. ज्यांच्या हातात ती आहे त्यांस आपण, म्हणजे तुम्ही आणि आम्ही, तो कधी विचारला आहे काय?

१९८२ साली आमच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या गृहस्थास आम्ही जे सांगावयास हवे होते ते त्यांच्या नातवाच्या निमित्ताने बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांनी दुसऱ्याच कोणास लिहिले. उशीर फार झाला, हे आम्ही जाणतो. पंधरा दिवसांनी उत्तर आले. लग्न वैशाखात आहे. मुलाच्या सध्याच्या पत्राची मुदत त्यापूर्वी संपते. नवे पत्र येईल अशी आशा आहे.