बाजरी, तूर, हरभरा

गाडी पांढरी होती आणि लहान होती, एवढंच मला आठवतं. लहान म्हणजे जातीनं लहान नव्हे, लांब होती म्हणून लहान दिसत होती. २०१३ सालचा जानेवारी, सकाळचे दहा वाजायला आलेले. कराडहून कडेगावच्या बाजूला शाळेत निघाले होते. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या दोन्ही अंगांनी मोळ्या बाहेर आलेल्या. ट्रॅक्टरवर साउंड बॉक्स, त्यावर लग्नाच्या वरातीतलं गाणं. सेकंड गिअरात मी पाच-सात मिनिटं त्याच्या मागे धूळ खात होते. लायसन्स हातात येऊन दोन महिने झाले होते, वय होतं एकोणचाळीस, आणि शेजारी मामा बसलेले.

मामा एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची गाडी घेतली नाही, पण माझी सेकंडहँड वॅगनआर आली तेव्हा आपणहून म्हणाले, "हात बसंपतोर मी येत जातो." रोज येताना पेपर वाचत बसायचे आणि एरवी शब्दानं काही सांगायचे नाहीत.

मी उजवीकडे डोकं काढून बघितलं. लांब वडाच्या झाडापाशी ती पांढरी गाडी. भरपूर जागा आहे, म्हटलं. आरशात बघितलं, हॉर्न दिला (ट्रॅक्टरवाल्याला तो ऐकू जाणं शक्यच नव्हतं), पाय दाबला आणि निघाले. मागची ट्रॉली संपून पुढची सुरू झाली तेव्हा ती लहान गाडी एकाएकी मोठी झाली. जवळ आली असं मुळी वाटलंच नाही, जागच्या जागी फुगली असं वाटलं. माझा पाय ब्रेकवर जाणार तेवढ्यात मामा म्हणाले, "दाब." एकच शब्द. मी दाबला. समोरच्यानं डावी चाकं साइडपट्टीवर घातली, मुरूम उडाला, लांबलचक हॉर्न कानाजवळून गेला. त्यानं शिवी काय दिली ते कळलं नाही, हाताचा पंजा तेवढा दिसला.

मामा पेपराची घडी घालून गप्प बसले. शाळेच्या फाटकाशी उतरताना विचारलं, "ती गाडी किती पळत होती, तुला काय वाटलं?"

"साठ असेल," मी म्हटलं.

"रविवारी मोकळी हायस का?"

रविवारी आम्ही त्याच रस्त्यावर, त्याच वडाच्या अलीकडे एका मोरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. मामींनी डबा दिला होता. लोक बघत जात होते. मामांनी आधी मला दगड दाखवले. किलोमीटरचे मोठे दगड सगळ्यांना माहीत असतात; दोन मोठ्या दगडांच्या मधे दोन, चार, सहा, आठ असे आकडे लिहिलेले बुटके दगड असतात, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. तेही बहुतेक गवतात गाडलेले. एकातून दुसऱ्यात दोनशे मीटरचं अंतर. मी वीस वर्षं गणित-विज्ञान शिकवतेय आणि शाळेच्या वाटेवरची ही फूटपट्टी मला माहीत नव्हती!

मग परीक्षा सुरू झाली. दोन दगड पलीकडे, म्हणजे चारशे मीटरवर, एक बाभळ होती. गाडी बाभळीशी आली की मी तिच्याकडे दोन सेकंद बघायचं, डोळे मिटायचे आणि गाडी आपल्यासमोर आली असं वाटेल तेव्हा "आली" म्हणायचं. मामांच्या हातात घड्याळ.

पहिला आला मालट्रक. मी "आली" म्हटलं, डोळे उघडले, तर ट्रक अजून लांब, रेंगाळत येत होता. एसटीच्या बाबतीतही तेच. मोठं धूड बघितलं की मन घाबरून आधीच हात वर करतं. मग एक मोटरसायकल. मी डोळे मिटून निवांत मोजत बसले, आणि मोटरसायकल कधीच पुढे निघून गेली होती. मग आली एक काळी, लांबलचक मोटार. डोळे मिटून मी साताठ सेकंद आणखी मोजायचे म्हणत होते, तेवढ्यात कानाशी झुंई झालं आणि माझी ओढणी उडाली.

"काय, आली का?" मामांनी विचारलं.

दुपारपर्यंत पन्नासेक गाड्या झाल्या. वहीत आकडे मांडले होते. साठच्या आसपास पळणाऱ्यांचा माझा अंदाज बरा होता. जितकी गाडी वेगानं पळणारी, तितकी मी जास्त चुकत होते, आणि दर वेळी एकाच बाजूला, उशिराच्या. गाडी चाळीसनं येवो की एकशेदहानं, बाभळीशी ती दिसते सारखीच, आणि माझं मन अंतर बघून ठरवत होतं की वेळ आहे. वेग मला दिसतच नव्हता. साठनं येणाऱ्या गाडीला त्या चारशे मीटरना चोवीस सेकंद लागतात, एकशेदहानं येणारीला तेरा.

असं का, हे मी घरी वही घेऊन बसले तेव्हा कळलं. मोटार साधारण एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंद असते. चारशे मीटरवरची मोटार हात लांब करून चिमटीत धरली, तर चिमटीत मावते ती बाजरीच्या दाण्याएवढी. दोनशे मीटरवर ती होते तुरीच्या दाण्याएवढी. शंभरावर चांगला टपोरा हरभरा. पन्नासावर बारका आवळा, पंचविसावर लिंबू. एकशेदहाच्या वेगात बाजरीची तूर व्हायला साडेसहा सेकंद लागतात, तुरीचा हरभरा व्हायला सव्वातीन, हरभऱ्याचा आवळा दीड सेकंदात आणि आवळ्याचं लिंबू त्याच्याही निम्म्यात. म्हणजे ज्या वेळी मी निर्णय घेते त्या वेळी बाजरीचा दाणा सेकंदाला जेमतेम आपल्या बाराव्या-तेराव्या हिश्शानं वाढत असतो. तो वाढलेला कोणाच्या डोळ्याला दिसणार? आणि जेव्हा ढळढळीत दिसतो, तेव्हा आपण दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकाशेजारी असतो. ती पांढरी गाडी फुगली असं मला वाटलं, ते भीतीनं नव्हे. ती खरोखरच तशी दिसते.

आडवी जाणारी गोष्ट मात्र आपल्याला छान कळते. चेंडू अडवणारी पोरं, उडत्या पाखरावर नेम धरणारे, सगळे आडव्या हालचालीवर तरबेज. सरळ नाकावर येणारी वस्तू मागच्या झाडाझुडपांवरून सरकत नाही, तिथेच राहते, फक्त वाढते.

इथे मला फ्रेड हॉईल आठवले. आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ साली आली. त्यात एक काळा ढग सूर्यमालेकडे येत असतो आणि तो कधी पोचणार हे शास्त्रज्ञ काढतात ते फोटोतला त्याचा आकार किती वाढला यावरून. ढग किती लांब, किती वेगात, काही माहीत नसलं तरी चालतं. आकाराला वाढीच्या वेगानं भागलं की उरलेला वेळ मिळतो. सेकंदाला दहावा हिस्सा वाढ, तर साधारण दहा सेकंद उरले. पुढे १९७६ मध्ये डेव्हिड ली या मानसशास्त्रज्ञानं मांडलं की ड्रायव्हर ब्रेक लावताना नकळत हाच भागाकार करत असावा. जवळच्या वस्तूला तो लागू पडत असेलही. पण हॉईलच्या शास्त्रज्ञांना दोन फोटोंच्या मधे भरपूर दिवस मिळाले होते, आणि मला ट्रॅक्टरच्या मागून डोकं काढून आत घ्यायला दोन सेकंद.

माझ्या त्या दिवसाचा हिशेबही मांडला. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून पंधरा मीटर, म्हणजे एसटीपेक्षाही लांब. मागची-पुढची मोकळी जागा आणि माझी गाडी धरून चाळीस मीटर मला त्याच्यापेक्षा जास्त काटायचे होते, तेही वीसच्या वेगापासून सुरुवात करून. सगळं मिळून आठ सेकंद, आणि तेवढ्यात माझी गाडी पंच्याऐंशी मीटर पुढे. वड तिथून साडेतीनशे मीटरवर होता, ते आम्ही दगडांवरून मोजलं. समोरचा साठनं असता तर सोळा सेकंद होते. तो एकशेदहानं होता म्हणून पावणेनऊ. त्यातले दोन मी आरसा आणि हॉर्न यांत घालवले. बघितली ती गाडी वडापाशी होती. निघाले तेव्हा ती वडापाशी नव्हतीच.

माझा एक जुना विद्यार्थी बांधकाम खात्यात आहे. त्यानं सांगितलं की रस्ता आखताना ओव्हरटेकसाठी किती लांबचं दिसायला हवं याचं कोष्टकच असतं: ऐंशीच्या वेगाच्या रस्त्यासाठी ४७० मीटर, शंभरासाठी ६४०. त्यात पुढची गाडी आपल्यापेक्षा सोळा किलोमीटरनं हळू आणि समोरची रस्त्याच्या ठरलेल्या वेगात, असं धरलेलं असतं. कागदावरचा हा समोरचा शहाणा माणूस मला आवडला. आमच्या रस्त्यावर मला तो क्वचितच भेटतो.

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं मामांना सांगितलं. धान्याचे दाणे डायनिंग टेबलावर मांडून दाखवले. त्यांनी हरभरा उचलून तोंडात टाकला.

"मग तुम्ही एकतीस वर्षं काय बघून साईड मारायचा?" मी विचारलं.

"समोरच्याकडं बघतच नव्हतो," ते म्हणाले. "रस्त्याकडं बघायचो. रस्ता लांबपतोर दिसतोय आन त्यावर कोण न्हाई, तर जायाचं. कोण दिसलं, मग ती बाजरी असूदे न्हाईतर ज्वारी, तर न्हाई जायाचं. ती किती पळतीय ह्याचा इचार करायचा म्हंजे जायाचं आधीच ठरलेलं असतंय."

"असं केलं तर सीझनमध्ये या रस्त्यावर कधीच पुढे जाता येणार नाही."

"मग न्हाई जायाचं. कारखाना मार्चात बंद हुतो."

रात्रीचं तर त्यांनी बोलूच दिलं नाही. रात्री गाडी दिसत नाही, दिवे दिसतात. दोन दिव्यांमधलं अंतर वाढतं तेवढाच काय तो पुरावा. एक दिवा गेलेला ट्रक मोटरसायकल होऊन येतो. आणि ट्रॅक्टरवाल्यानं उजवा इंडिकेटर दिला तर "जा" म्हणतोय की "मी वळतोय" म्हणतोय, याचा निकाल आजवर लागलेला नाही.

आता रस्ता काँक्रीटचा झालाय. तो वड रुंदीकरणात गेला, बाभळही. गुळगुळीत रस्त्यावर सगळे आणखी जोरात असतात.

गेल्या डिसेंबरात मामांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कराडच्या दवाखान्यातून त्यांना घरी नेत होते. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजवा आधीच अधू, त्यामुळे काच असून नसल्यासारखी. कडेपूरच्या अलीकडे पुढे ट्रॅक्टर आला. तसाच, दोन ट्रॉल्यांचा, गाणं तेवढं नवीन. मामांनी आवाजावरूनच ओळखलं.

"लोडेड हाय. समोर काय दिसतंय?"

"बाजरी."

"बस मग."

बाजरीची तूर झाली, हरभरा झाला, एक पिकअप धाडकन शेजारून गेली. मागून एक पोरगा हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मी पुन्हा डोकं काढलं.

"आता?"

"आता काही नाही. पण रस्ता पुढे वळलाय, दिसत नाही."

"मग बस."

मागचा पोरगा वैतागून आणखी जवळ आला. दोनेकशे मीटर असेच गेलो असू. ट्रॅक्टर जरासा हळू झाला, आणि हात नाही, इंडिकेटर नाही, दोन्ही ट्रॉल्यांसकट सगळा रस्ता आडवा करत कारखान्याच्या फाट्याला उजवीकडे वळला. गाणं लांब लांब गेलं.

"गेला का?" मामांनी विचारलं.

"गेला."

"टाक थर्ड."