भाकरीची साक्ष

घटस्फोट हा शब्द आमच्या गावात फार उशिरा आला. त्याआधी बाई एक तर नांदायची, नाहीतर ‘टाकलेली’ असायची. काही जातींत पंचांपुढं काडी मोडून मोकळं होता यायचं, पुढं पाटही लावता यायचा. आमच्या घरात ती सोय नव्हती.

माझी चुलतबहीण आक्का सहा वर्षं नांदली. नवऱ्यानं हात कधी उगारला नाही. पण पिठाच्या डब्याला कुलूप आणि किल्ली सासूच्या कमरेला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलं तर हिचं. नवरा महिनोन्महिने बोलायचा नाही. सांगायचं ते पुतण्याकरवी सांगायचा. मूल नाही म्हणून जावेच्या पोराच्या बारशाला हिला गोठ्यात बसवलं. १९९८च्या पोळ्याला ती माहेरी आली, ती परत गेली नाही. चारचौघं दोनदा बसले. म्हणाले, “पोरी, मारत तर न्हाई ना? मग नांद की!”

आठ वर्षं गेली. नवरा नांदवीना आणि सोडीनाही. शेवटी नानांनी तिला तालुक्याला वकिलाकडं नेलं. बरोबर मी होतो.

“वकीलसाहेब, मोडलंय ते. एवढंच लिवा,” आक्का म्हणाली.

“ताई, संसार मोडला एवढं कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. दोघं राजी असाल तर सोपं आहे. ते राजी नाहीत, म्हणजे छळ दाखवावा लागेल. टाकलं म्हणावं, तर ते म्हणतील, बाई आपणहून गेली. मारच पाहिजे असं नाही, मनाचा छळही चालतो. पण साक्ष लागेल.”

मग भरल्या कोर्टात ते कुलूप, तो गोठा सगळं सांगावं लागलं. समोरच्या वकिलानं उपाशी राहिल्याच्या तारखा विचारल्या. तिला कुठल्या तारखा? “बारशाच्या दिसापासनं,” एवढंच ती म्हणाली. अखेर सासरची शेजारीण, सत्तरीची म्हातारी, पिंजऱ्यात उभी राहिली. “म्या कुपावरनं भाकरी दिलीया हिला. कैकदा,” म्हणाली. २०१० साली आक्का मोकळी झाली, ती त्या भाकरीवर.

संसार सांधण्यापलीकडं मोडला असेल तर ते घटस्फोटाचं कारण धरावं, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयानं २००६ सालीच केली होती. तसं विधेयक राज्यसभेनं २०१३ साली मंजूरही केलं, पण कायदा झाला नाही. नवऱ्यांना बायको सोडायला आयतं निमित्त मिळेल, ही काही स्त्री संघटनांची भीती खोटी नव्हती. आमच्याकडं बाईच्या नावावर ना घर असतं ना रान. २०२३च्या मे महिन्यात घटनापीठानं सांगितलं, की एक बाजू राजी नसली तरी असं लग्न सर्वोच्च न्यायालय संपवू शकतं. पण तो अधिकार दिल्लीतल्या त्या एकाच कोर्टाला. तालुक्याच्या पायरीवर बसलेल्या बाईला आजही छळच शाबीत करावा लागतो.

साक्ष दिल्यावर वर्षभरात ती म्हातारी वारली. थोडी आधी गेली असती, तर आक्काचा मोडका संसार कागदावर तसाच उभा राहिला असता.